मँचेस्टरची सलामी

गेल्या रविवारी माझा दहा वर्षांचा भाचा क्रीडा प्रश्नमंजूषेची तयारी करत बसला होता. मला म्हणाला, "मामू, कसोटीत एका दिवसात सर्वांत जास्त धावा किती झाल्या, सांगा."

"५८८. मँचेस्टर, २७ जुलै १९३६, इंग्लंड विरुद्ध भारत."

तो खूश झाला. मग पुस्तक मिटून हळूच म्हणाला, "वर्गातला एक मुलगा विचारत होता, मॅच असली की तुम्ही लोक कुणाकडून असता?"

हा प्रश्न मला लहानपणी विचारला गेला, तेव्हा मी खाली मान घालून घरी आलो होतो. या वेळी मी भाच्याला त्याच ५८८ धावांची गोष्ट सांगितली.

त्या सामन्यात भारताचा पहिला डाव २०३ धावांत आटोपला होता. इंग्लंडने ८ बाद ५७१ वर डाव सोडला. भारत ३६८ धावांनी मागे! डावाने हार समोर दिसत असताना दोघे सलामीला उतरले. मुंबईचे विजय मर्चंट आणि इंदूरचे एकवीस वर्षांचे सय्यद मुश्ताक अली. मर्चंट तंत्रशुद्ध, शांत. मुश्ताक क्रीज सोडून पुढे धावत येऊन फटकावणारे. संध्याकाळी फलकावर बिनबाद १९० होते आणि मुश्ताक यांचे शतक झाले होते. परदेशात कसोटी शतक करणारे ते पहिले भारतीय. दुसऱ्या दिवशी ही भागीदारी २०३ वर तुटली. पहिल्या डावात अख्ख्या संघाने केल्या, तेवढ्याच धावा या दोघांनी केल्या! मुश्ताक ११२, मर्चंट ११४. सामना अनिर्णित राहिला.

यात एक गंमत आहे. कर्णधार होते विजयनगरमचे महाराजकुमार. मर्चंटना धावबाद कर, असे त्यांनी आपल्याला सांगितले होते, हे मुश्ताक यांनीच पुढे सांगितले. त्यांनी काय केले? ती गोष्ट थेट मर्चंटच्या कानावर घातली. दोघे हसले आणि खेळत राहिले.

आता गोष्टीची दुसरी बाजू. याच काळात मुंबईत धर्मावर आधारलेली स्पर्धा चाले. हिंदू, मुस्लिम, पारशी आणि युरोपियन असे चार संघ. १९३७ पासून उरलेल्यांचा पाचवा. तिथे मर्चंट हिंदू संघातून आणि मुश्ताक मुस्लिम संघातून खेळत. गांधीजींनी १९४० मध्ये या स्पर्धेला विरोध केला. १९४४ च्या अंतिम सामन्यात मुस्लिम संघाने हिंदू संघाला एका गड्याने हरवले. अखेर १९४६ मध्ये स्पर्धा कायमची बंद पडली. मुलांना इतिहास सांगताना हे पान गाळू नये, असे मला वाटते. माणसे तीच होती; गट कसे पाडले, त्यावर ती सोबती ठरत किंवा प्रतिस्पर्धी.

१९४५ मध्ये ऑस्ट्रेलियन सर्व्हिसेस संघाविरुद्ध मुश्ताक यांना वगळले, तेव्हा कलकत्त्याचे प्रेक्षक खवळले. मुश्ताक नाही तर कसोटी नाही, असा घोष त्यांनी केला आणि निवड समितीला नमावे लागले. फाळणीनंतर मुश्ताक इंदूरलाच राहिले. १९५२ मध्ये मद्रासला भारताने आपला पहिला कसोटी विजय मिळवला, त्या संघात ते होते. तीच त्यांची शेवटची कसोटी. २००५ मध्ये इंदूरलाच त्यांचे निधन झाले.

आज देशातली टी-ट्वेंटी स्पर्धा मुश्ताक अलींच्या नावाने खेळली जाते, आणि सोळा वर्षांखालील मुलांची विजय मर्चंट यांच्या नावाने. भाच्याचे डोळे चमकले. "म्हणजे मी मोठा झालो की आधी मर्चंट करंडक, मग मुश्ताक अली!"

"हो. आणि त्या मुलाला उत्तर दे, मी भारताकडून असतो. ते सिद्ध करायला इतिहास सांगत बसू नकोस. पण त्याला क्रिकेट आवडत असेल, तर विचार, २०३ ची सलामी कुणी दिली? नाही आले उत्तर, तर सांग. आणि मग दोघे मिळून खेळा."