नर्सबाईंची पिशवी

गणपतीच्या सुमारास माझी एक जुनी विद्यार्थिनी हातात कागद घेऊन घरी आली. मुलगी तलासरी तालुक्यातल्या एका पाड्यावरची; बाप घोलवडकडच्या चिकूच्या वाडीत मजुरीला जातो. नर्सिंगच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला तिला प्रवेश मिळाला होता आणि कागदावर सामानाची यादी होती : गणवेश, बूट, सेकंदकाट्याचे घड्याळ, तापमापक, कात्री, टॉर्च, स्टेथस्कोप, पुस्तके. शहरातल्या दुकानदाराने सर्वांत महाग स्टेथस्कोप पुढे सरकवला होता. "आयुष्यभराची वस्तू आहे, ताई," असे वर ऐकवलेही होते. त्या एका वस्तूत बापाने जमवलेले निम्मे पैसे जाणार होते. "सर, काय घेऊ नि काय सोडू?"

मी पडलो इतिहासाचा मास्तर. मला माझी स्वतःची नाडी धड सापडत नाही. तरी म्हटले, यातली कोणती वस्तू रोग्याच्या उशापाशी कशासाठी आली, एवढे तर मला सांगता येईल. तेच आज तुम्हांलाही सांगतो. गुरुजींनी मुद्दाम ऐकावे, कारण अशी यादी घेऊन येणारी मुलगी उद्या तुमच्याही दारी येईल.

आधी स्टेथस्कोपच घेऊ. सन 1816. पॅरिसच्या नेकर रुग्णालयात लाएनेक नावाच्या डॉक्टरांपुढे हृदयविकाराची एक तरुण बाई आली. छातीला कान लावून ऐकण्याची तेव्हाची रीत. पण परक्या बाईच्या छातीला कान कसा लावायचा? लाएनेकनी कागदाची सुरळी केली, एक टोक तिच्या छातीवर टेकवले, दुसरे आपल्या कानाला. ठोके कानाने नुसते ऐकावेत त्याहून स्पष्ट आले! पुढे त्यांनी लाकडी नळी केली. दोन कानांची नळी आली ती 1850 नंतरच्या दोन-चार वर्षांत. म्हणजे मूळ वस्तू काय, तर कागदाची गुंडाळी. ऐकणारा कान तयार हवा. 1895 साली पिनार या फ्रेंच डॉक्टरांनी गर्भातल्या बाळाचे ठोके ऐकण्यासाठी कर्ण्यासारखी छोटी नळी केली. तशी नळी सुईणी आणि परिचारिका आजही वापरतात, आणि ती मुळीच महाग नाही. हृदयाची बारीक कुरकुर ओळखायला भारी यंत्र लागते हे खरे, पण पहिल्या वर्षाच्या मुलीला रक्तदाब मोजायला शिकायचे असते. त्याला साधी नळी पुरते.

तापमापकाची गोष्ट थोडक्यात. जुना तापमापक फूटभर लांब, आणि पारा स्थिर व्हायला वीसेक मिनिटे लागत. इंग्लंडात ऑलबट या डॉक्टरांनी 1866 च्या सुमारास सहा इंचांचा केला; पाच मिनिटांत ताप कळू लागला आणि तो खिशात मावू लागला. आता बॅटरीवरचा मिळतो. तो घ्यावा, काच फुटून पारा सांडण्याची भीती नाही.

घड्याळापाशी मात्र मला थोडे थांबू द्या. लिचफील्डचे सर जॉन फ्लॉयर नावाचे एक इंग्रज वैद्य होते. नाडी जलद की मंद हे वैद्य बोटांनी ठरवत. एकाचे जलद ते दुसऱ्याचे मध्यम. फ्लॉयरना आकडा हवा होता. साधी घड्याळे वापरून पाहिली, लंबकाची पाहिली, जहाजावर असते तसली एका मिनिटाची वाळूची घटिकाही वापरली. शेवटी एक मिनिट चालून थांबणारे घड्याळ त्यांनी करवून घेतले आणि 1707 साली त्यावर पुस्तक लिहिले.

आता पॅरिस-इंग्लंड सोडून आपल्या गडचिरोलीत या. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 साली तिथे ‘सर्च’ संस्था काढली. न्यूमोनियाने बाळे जात होती. न्यूमोनिया ओळखण्याची खूण म्हणजे श्वासाचा वेग : दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा मिनिटाला 60 वा अधिक, वर्षाच्या आतल्याचा 50 वा अधिक, पाच वर्षांपर्यंत 40 वा अधिक. पण गावच्या सुईणीला घड्याळ वाचता येईना, साठपर्यंत मोजता येईना. तेव्हा तिच्यासाठी साधन केले ते काय? एका मिनिटाची वाळूची घटिका आणि सरकवायचे मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. फ्लॉयरची ती जहाजावरची घटिका पावणेतीनशे वर्षांनी अशी गोंडवनात आली, आणि निरक्षर बाई न्यूमोनिया ओळखू लागली. माझ्या विद्यार्थिनीला मी म्हटले, घड्याळात काटकसर करू नकोस. सेकंदकाटा ठसठशीत हवा, रात्री दिसायला हवा. पाड्यावर धापा टाकणाऱ्या पोराशेजारी बसशील तेव्हा दुसरे यंत्र जवळ असेलच असे नाही.

बुटांविषयी फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनी 1859 च्या आपल्या पुस्तकात चांगलीच तंबी दिली आहे. कुरकुरणारे बूट आणि सळसळणारे घेरदार झगे रोग्याला त्रास देतात, असे त्या म्हणतात. हात वारंवार धुवा, हेही त्यांनीच बजावले. त्याआधी 1847 मध्ये व्हिएन्नाच्या सेमेलवाइसनी प्रसूतिगृहातल्या डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. यादीत साबण आणि नेलकटर नव्हते. मी पेनने लिहून दिले. बूट मात्र चांगले घ्यायला सांगितले. आठ-आठ तास उभे राहायचे ते पायांनी.

हे सांगताना मला डहाणूजवळचे कोसबाड आठवत होते. ताराबाई मोडक माँटेसोरी पद्धतीच्या मोठ्या जाणकार. त्या पद्धतीची साधने सुबक, पण खर्चाची. 1945 साली बोर्डीला काम सुरू झाले, अनुताई वाघ येऊन मिळाल्या, आणि 1957 मध्ये संस्था कोसबाडच्या टेकडीवर आली. वारल्यांच्या पोरांसाठी ती महाग साधने आणायची कुठून? या बायांनी शिंपले, बिया, खडे, पाने गोळा केली. मोजायला शिकायचे तर चिंचोके चालतात. नीट पाहा, त्यांनी साधन टाकले नाही. साधनाचे काम काय ते ओळखले आणि तेवढेच ठेवले.

तर आमची खरेदी अशी झाली. घड्याळ, बूट आणि तापमापक नवे. गणवेश दोन, पण तालुक्याच्या शिंप्याकडून, पुढे सैल करता येतील असे. पुस्तकांपैकी दोन वरच्या वर्गातल्या मुलीकडून जुनी. स्टेथस्कोप साधा. उरलेले पैसे बापाने परत खिशात घातले नाहीत. वसतिगृहाच्या खानावळीचे दोन महिने आगाऊ भरले. हे मला सुचले नव्हते, त्याला सुचले.

दिवाळीच्या सुट्टीत मुलगी घड्याळ छातीवर लावूनच आली. बाप म्हणाला, "सर, ही घड्याळ उलटे लावते." तिने खाली मान घालून काटा पाहिला, धाकट्या भावाचे मनगट धरले आणि आम्हां दोघांना गप्प राहायला सांगितले.