वाटाड्याचे दाम कोण देतो?

मंडळी, प्रवासाला निघालेल्या माणसाचे दोन खर्च असतात. एक वाहनाचा आणि मुक्कामाचा. दुसरा, ते वाहन आणि तो मुक्काम जुळवून देणाऱ्याचा. पहिला खर्च तिकिटावर छापलेला असतो, खोलीच्या पावतीवर लिहिलेला असतो. दुसरा मात्र पुष्कळदा दिसतच नाही. “आम्ही तुमच्याकडून काही घेत नाही हो,” असे प्रवास-कचेरीतला माणूस सांगतो आणि आपल्याला बरे वाटते. पण त्याच्या दुकानाला भाडे आहे, दोन कारकून आहेत, विजेचे बिल आहे. तो आपल्याकडून घेत नसेल, तर कोणाकडून तरी घेतच असणार. कोणाकडून घेतो, कसा घेतो, आणि त्यामुळे आपल्याला काय फरक पडतो, हा आजच्या बोलण्याचा विषय. या विषयाचा इतिहास शोधायला फार लांब जायला नको. वसई-विरारच्या पट्ट्यातच त्याची पहिली काही पाने सापडतात.

सुरुवात नालासोपाऱ्यापासून करू. आज तेथे लोकलगाड्यांना लोंबकळणारी गर्दी दिसते. पण प्राचीन काळी हे शूर्पारक नावाचे मोठे बंदर होते. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथल्या बुरूड राजाच्या कोटाचे उत्खनन केले, तेव्हा बौद्ध स्तूप उजेडात आला. बंदर म्हटले की व्यापारी आले, आणि व्यापारी आले की त्यांची वाटेतली सोय आली. ती कोण करीत असे? नाशिकच्या पांडवलेण्यांत याची एक साक्ष आहे. तेथल्या दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. त्याने काय काय दाने दिली त्याची यादी त्यात आहे. भरुकच्छ म्हणजे भडोच, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक या ठिकाणी त्याने वाटसरूंना उतरण्यासाठी चौसोपी धर्मशाळा बांधल्या. पारादा, दमणा, तापी, दाहनुका अशा नद्यांवर नावा ठेवल्या, आणि त्यांतून पार होण्याला उतारूकडून पैसा घ्यायचा नाही असे ठरवले. दाहनुका म्हणजे आपल्या डहाणूची नदी. नद्यांच्या दोन्ही तीरांवर बसायला मंडप आणि पाण्यासाठी पाणपोया केल्या. फुकट उताराला त्या लेखात शब्द आहे, ‘पुण्यतर’.

आता नीट पाहा. नाव फुकट होती, पण नावाड्याचे पोट फुकट भरत नव्हते. उतारूने दिले नाही, ते राजाच्या जावयाने दिले. त्याला त्याबद्दल पुण्य मिळाले, नाव मिळाले, आणि व्यापार वाढला तर त्याच्या सासऱ्याच्या राज्याला जकातही मिळाली. म्हणजे ‘फुकट’ या शब्दाचा अर्थ इतकाच, की पैसे दुसऱ्याने दिले. हा धडा एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. पण पुढे कामाला येईल, म्हणून लक्षात असू द्या.

दुसरे पान वसईचे. २३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातचा सुलतान बहादूरशहा आणि पोर्तुगीज यांच्यात तह झाला आणि वसई पोर्तुगिजांकडे गेली. त्या तहात एक कलम व्यापाऱ्यांच्या प्रवासाबद्दलचे होते. गुजरातेतून तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या जहाजांनी आधी वसईला यावे, पोर्तुगिजांचा परवाना घ्यावा, आणि परतताना पुन्हा वसईला येऊन जकात भरावी. या परवान्याला ‘कार्ताझ’ म्हणत. परवाना नसलेले जहाज समुद्रात सापडले, तर पोर्तुगीज ते पकडत आणि माल जप्त करीत. म्हणजे व्यापारी संरक्षणाचे पैसे भरीत होता. पण संरक्षण कोणापासून? तर पैसे घेणाऱ्यापासूनच! सोपाऱ्याला सोय होती आणि दाम नव्हते. वसईला दाम होते आणि सोय नव्हती. या दोन टोकांच्या मध्ये पुढचा सगळा इतिहास मावतो.

मधल्या काळात आपल्या लोकांनी आपली सोय आपणच लावली होती. काशी-रामेश्वराला जाणारा यात्रेकरू रोकड कमरेला बांधून नेत नसे. सावकाराकडे रक्कम भरून हुंडी घेई आणि पलीकडच्या पेढीवर ती वटवी. त्याबद्दल सावकार हुंडणावळ कापून घेई. ती वाट लांबची आणि धोक्याची असली की जास्त, जवळची असली की कमी. क्षेत्राच्या ठिकाणी उपाध्याय उतरायला जागा देई, विधी करवी आणि दक्षिणा घेई. हुंडणावळ आधी ठरत असे, दक्षिणा मागाहून. ज्यांनी घाटावर दक्षिणेवरून घासाघीस ऐकली असेल, त्यांना यातला फरक मुद्दाम सांगायला नको.

मग आगगाडी आली. बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा रस्ता आपल्या पट्टीतून गेला, आणि एप्रिल १८६७ मध्ये विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत रोजची गाडी सुरू झाली. छापील दर, ठरलेली वेळ, आणि खिडकीवर राजा असो वा रंक, एका वर्गाला एकच भाडे. प्रवाशाच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट होती. भाडे छापलेले असले, म्हणजे मध्यस्थाने किती वर घेतले ते कळते.

याच सुमारास इंग्लंडात मध्यस्थाचा धंदा आकाराला येत होता. ५ जुलै १८४१ रोजी टॉमस कुक नावाच्या गृहस्थाने लेस्टरहून लफबरोपर्यंत एक खास गाडी ठरवून सुमारे पाचशे माणसे नेली. माणशी एक शिलिंग. ती सभेसाठी काढलेली सहल होती. १८४५ पासून त्याने हे काम नफ्यासाठी सुरू केले. १८८१ मध्ये या कंपनीची कचेरी मुंबईत उघडली. १८८६ साली हिंदुस्थान सरकारने मुंबईहून मक्केला जाणाऱ्या हाजींच्या प्रवासाची व्यवस्था तिच्याकडे दिली. कारण मुंबई बंदरात दलालांचा सुळसुळाट झाला होता, आणि गरीब यात्रेकरू नाडला जात होता. १८८७ साली मुंबई सरकारने कायदाच केला, की यात्रेकरूंची दलाली करायची तर परवाना हवा. कुक कंपनीला मात्र हे काम आतबट्ट्याचे ठरले आणि काही वर्षांतच ते सुटले. गरिबाच्या तिकिटात मध्यस्थाला उरते थोडे. म्हणून तेथे प्रामाणिक मध्यस्थ टिकणे कठीण आणि लबाड टिकणे सोपे. हे तेव्हा खरे होते, आजही आहे.

विसाव्या शतकात विमाने आली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन मुंबईच्या जुहू येथे उतरले. पुढे विमानकंपन्या वाढल्या, पण गावोगाव कचेऱ्या उघडणे त्यांना परवडणारे नव्हते. तेव्हा त्यांनी प्रवास-एजंट नेमले. एजंटाने तिकीट विकावे आणि भाड्यातून ठरावीक टक्के कमिशन ठेवून घ्यावे, अशी रीत पडली. १९५१ साली या व्यावसायिकांची ‘ट्रॅव्हल एजंट्स असोसिएशन ऑफ इंडिया’ ही संघटना स्थापन झाली.

वसईच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगायला वेळ लागणार नाही. पूर्वी त्याने केळी, भाजी, विड्याची पाने मुंबईच्या बाजारात पाठवली, की अडत्या माल विकून देई आणि पट्टीतून अडत कापून घेई. विमानाचा एजंट हाही अडत्याच. माल विमानकंपनीचा, अडत विमानकंपनीची. प्रवासी म्हणायचा, “मला तर काही पडत नाही.” पडत होते; पण ते भाड्याच्या पोटात होते.

यातली मेख हिशेबाने पाहू. समजा कमिशन नऊ टक्के आहे. आपल्याकडे एके काळी ते तेवढे होते. दहा हजारांचे तिकीट विकले तर एजंटाला नऊशे रुपये. वीस हजारांचे विकले तर अठराशे. मेहनत सारखीच. मग आपल्यासाठी स्वस्त तिकीट शोधण्यात त्याचा फायदा काय? काही नाही, तोटाच. पुष्कळ एजंट तरीही इमानाने स्वस्त तिकीट शोधून देत, कारण गिऱ्हाईक टिकवायचे असे. पण ते त्यांचे इमान. पद्धतीचा ओढा उलट दिशेचा होता. ज्या कारखान्यांची माणसे सारखी विमानाने जात, त्यांनी यावर तोड काढली. ते एजंटाला म्हणाले, “तुझ्या नऊशेतले तीनशे आम्हाला परत दे.” एजंट देत असे. म्हणजे भाडे वरून जास्त, आणि मागच्या दाराने सूट.

ही घडी मोडली ती संगणकाने. विमानकंपन्यांना तिकीट थेट विकता येऊ लागले, तसा अडत्या त्यांना जड वाटू लागला. फेब्रुवारी १९९५ मध्ये अमेरिकेतल्या डेल्टा कंपनीने देशातल्या जाण्यायेण्याच्या तिकिटावर पन्नास डॉलरच्या वर कमिशन द्यायचे नाही असे ठरवले. २००२ मध्ये मूळ कमिशनच बंद केले. आपल्याकडेही टक्केवारी उतरत गेली, आणि १ नोव्हेंबर २००८ पासून बहुतेक मोठ्या कंपन्यांनी ते बंद केले. एजंटांनी विरोध केला, बहिष्कार घातले. पण शेवटी त्यांना गिऱ्हाइकाकडे वळून सांगावे लागले, “आता आमची मजुरी तुम्ही द्या.”

पुढे २०१६ च्या जुलैमध्ये महाराष्ट्रात फळे-भाज्यांच्या बाजाराबद्दल असाच प्रश्न उभा राहिला. अडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यावी असे सरकारने ठरवले, आणि बाजार समित्यांत गदारोळ झाला. दोन्ही भांडणांचे मूळ एकच: मध्यस्थाची मजुरी विकणाऱ्याने द्यायची की घेणाऱ्याने?

मजुरी गिऱ्हाइकावर आल्यावर ती आकारायच्या तीन रीती पडल्या. वालीव, गोखिवरे, सातिवली इकडच्या कारखानदारांना एखाद्या एजंटाशी करार करताना यांतली एक निवडावी लागते. पहिली रीत, दर तिकिटामागे ठरलेले शुल्क. तिकीट पाच हजारांचे असो की पन्नास हजारांचे, शुल्क तेच. ही साफ रीत; पण तारीख बदलली की पुन्हा शुल्क, रद्द केले की पुन्हा शुल्क, आणि फोनवर माणसाकडून काम करून घेतले तर संगणकावर स्वतः केलेल्यापेक्षा जास्त. दुसरी रीत, महिन्याचे किंवा वर्षाचे ठोक शुल्क: एजंटाची माणसे आपल्यासाठी राबतात, त्यांचा पगार आणि वर ठरलेला नफा. मोठ्या कारखान्याला ही परवडते. वर्षाकाठी वीस तिकिटे काढणाऱ्याला नाही. तिसरी रीत, खरेदीभावावर वाढ करून एकच आकडा सांगायचा. यात सोय आहे, पण आत किती काय आहे ते दिसत नाही. शिवाय उधारी असते. विमानकंपन्यांचा हिशेब एजंटाला ठरल्या दिवशी चुकता करावा लागतो. कारखाना मात्र महिन्याने पैसे देतो. त्या महिन्याचे व्याज कोठेतरी धरलेले असतेच.

एकही रीत वाईट नाही आणि एकही निर्दोष नाही. सहलींच्या धंद्यात तिसरी रीतच लोकांना आवडली. १९८४ साली केसरी पाटील या आपल्याच पालघरकडच्या गृहस्थाने सुरू केलेली केसरी टूर्स किंवा तिच्यासारख्या कंपन्या मराठी घरांत पोचल्या, त्या ‘सगळे धरून एक रक्कम’ या सोयीमुळे. म्हाताऱ्या आईवडिलांना पाठवताना रोजचा हिशेब नको असतो. निर्धास्तपणा हवा असतो, आणि त्याचेही दाम असते.

‘फुकट’ची गंमत सरकारनेही पाहिली आहे. रेल्वेचे तिकीट संगणकावर काढताना लागणारे सेवाशुल्क नोव्हेंबर २०१६ मध्ये माफ झाले. यंत्रणा चालवायचा खर्च काही थांबला नव्हता. अखेर १ सप्टेंबर २०१९ पासून साध्या वर्गाला पंधरा आणि वातानुकूलित वर्गाला तीस रुपये, वर कर, असे शुल्क पुन्हा सुरू झाले. पुण्यतरालाही कोणीतरी उषवदात लागतो.

आता शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक गोष्ट सांगायची आहे. शाळेची सहल ठरवताना “चाळीस मुलांमागे दोन गुरुजींची जागा फुकट” असे सांगणारे भेटतात. त्या दोन जागांचे पैसे कोण देतो? गाडीवाला देत नाही. ते चाळीस मुलांच्या वर्गणीत वाटलेले असतात, आणि त्या चाळिसांत अशीही मुले असतात, की ज्यांच्या आईने मोगऱ्याच्या कळ्या खुडून ती वर्गणी जमवलेली असते. शाळेने ठरवून, पालकांना सांगून शिक्षकांचा खर्च मुलांवर वाटला तर त्यात गैर काही नाही; सोबतीला शिक्षक हवेतच. गैर आहे ते न सांगण्यात. सातवीच्या वर्गात नफा-तोटा शिकवताना हेच उदाहरण फळ्यावर घाला. मुले ते विसरणार नाहीत.

तेव्हा मुंबईच्या कचेरीत जा नाहीतर गावच्या नाक्यावरच्या दुकानात; तीन प्रश्न विचारा. मूळ भाडे किती आणि तुमची मजुरी किती? बेत बदलला किंवा रद्द झाला, तर काय परत मिळेल आणि काय कापले जाईल? आणि मी देतो त्याखेरीज या व्यवहारात तुम्हाला आणखी कोण काही देते? उत्तरे कागदावर घ्या आणि पावती घ्या. चांगला एजंट या प्रश्नांनी रागावत नाही. तो आकडे मांडतो, कारण त्याला आपल्या कामाची लाज नसते. आडरात्री विमान चुकले, परदेशी पासपोर्ट हरवला, तर धावून येणारा माणूस तोच असतो. त्याची मजुरी त्याला राजीखुशीने द्यावी.

घासाघीस करू नका असे मी म्हणत नाही; ती आपल्या बाजाराची रीतच आहे. पण घासाघीस दिसणाऱ्या आकड्यावर करता येते, लपलेल्यावर नाही. वाटाड्याला दाम कोण देतो ते आधी पाहावे; कारण ज्याच्या हातून दाम मिळते, त्याच्याच गावाकडे वाटाड्याची पावले वळतात.