मॉडेल टी व फोक्सवॅगन बीटल
सर्वसामान्य कुटुंबास परवडणारी मोटारगाडी निर्माण करण्याचे विसाव्या शतकातील दोन प्रमुख प्रयत्न. दोहोंचे उद्दिष्ट एकच असले, तरी किंमत कमी करण्याचे मार्ग भिन्न होते.

हेन्री फोर्ड (१८६३–१९४७) यांच्या कंपनीने मॉडेल टी ही गाडी अमेरिकेत १९०८ मध्ये विक्रीस आणली. तीत चार सिलिंडरांचे, पाण्याने थंड होणारे, २० अश्वशक्तीचे एंजिन पुढील बाजूस होते. व्हॅनेडियम पोलादाच्या वापरामुळे ती हलकी, पण मजबूत झाली. प्रारंभी तिची किंमत ८५० डॉलर होती. हायलंड पार्क येथील कारखान्यात १९१३ मध्ये सरकत्या जुळणीमार्गाचा अवलंब झाल्यावर सांगाड्याच्या जुळणीचा वेळ सु. साडेबारा तासांवरून दीड तासावर आला. त्याच त्या कामास कंटाळून कामगार सोडून जात. त्यांना टिकविण्यासाठी १९१४ मध्ये दिवसास पाच डॉलर मिळकतीची योजना आखण्यात आली. १९२५ पर्यंत दोन आसनी गाडी २६० डॉलरला मिळू लागली.

बीटलचा आराखडा फेर्डिनांट पोर्श (१८७५–१९५१) यांनी जर्मनीत १९३४ पासून तयार केला. तिचे हवेने थंड होणारे चार सिलिंडरांचे एंजिन मागील बाजूस होते. ९९० मार्क ही किंमत मात्र उत्पादनखर्चावरून न ठरता नाझी राजवटीच्या इच्छेनुसार ठरली. आठवड्यास पाच मार्कांची तिकिटे घेऊन सु. ३,३६,००० लोकांनी पैसे साठविले. परंतु दुसऱ्या महायुद्धात कारखाना लष्करी उत्पादनास जुंपला गेला, तेथे सक्तीने आणलेले मजूर राबविण्यात आले आणि बचतदारांपैकी कोणासही गाडी मिळाली नाही. १९६१ मधील तडजोडीने त्यांना अंशतः भरपाई मिळाली. सर्वसामान्यांसाठी गाड्यांचे नियमित उत्पादन ब्रिटिश लष्करी प्रशासनाखाली १९४५ च्या अखेरीस सुरू झाले.

मॉडेल टीच्या मूळ आराखड्यास फोर्ड दीर्घकाळ चिकटून राहिले. शेव्हरोलेसारख्या स्पर्धक गाड्यांपुढे तिची मागणी घटली आणि दीड कोटींहून अधिक गाड्या तयार झाल्यावर १९२७ मध्ये उत्पादन थांबले. बीटलचे बाह्यरूप जवळजवळ कायम ठेवून एंजिन, गतिरोधक इ. भागांत सतत सुधारणा होत गेल्या. १९७२ मध्ये तिने मॉडेल टीचा उत्पादन-विक्रम मोडला. मेक्सिकोतील प्वेब्ला येथे २००३ मध्ये शेवटची गाडी तयार झाली, तेव्हा एकूण संख्या २,१५,२९,४६४ झाली होती. लोकांची गाडी घोषणेने स्वस्त होत नाही, उत्पादनपद्धतीने होते, हे या दोन गाड्यांच्या इतिहासावरून दिसून येते. तसेच त्या स्वस्ताईचा भार कामगारांवर किती पडला, हेही त्यावरून स्पष्ट होते.