मुलांनी नोंदवलेला देश

गावच्या कोणत्या शेतात काय पिकते, गुरे कुठे चरतात, कोणते रान पडीक आहे, हे गावातल्या मुलांना ठाऊक असते. शाळेत मात्र या माहितीला सहसा ज्ञानाचा मान मिळत नाही. ब्रिटनमध्ये १९३० नंतरच्या चार-पाच वर्षांत तो मिळाला. त्यातून साऱ्या देशाचा नकाशा तयार झाला.

त्या काळी तिथली शेती मंदीत सापडली होती. नांगरटीच्या जमिनी गवताखाली जात होत्या, शहरे पसरत होती. पण कोणती जमीन कशासाठी वापरली जाते, हे शेतवार दाखवणारा देशाचा नकाशाच नव्हता. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील भूगोलतज्ज्ञ डडली स्टँप यांनी १९३० मध्ये भूमी-उपयोगाची पाहणी हाती घेतली. पैसा तुटपुंजा होता, म्हणून त्यांनी शाळांची मदत मागितली.

पद्धत साधी होती. मैलाला सहा इंच या प्रमाणाच्या नकाशावर प्रत्येक शेताची हद्द दिसते. असे नकाशे घेऊन मुले शिक्षकांबरोबर पायी फिरत आणि प्रत्येक तुकड्यावर एक अक्षर लिहीत: नांगरटीच्या जमिनीला ‘ए’, कायम कुरणाला ‘एम’, वनाला ‘एफ’, माळरानाला ‘एच’. परंतु गवत दिसले की ते कुरणच, असे नव्हे. पिकांच्या फेरपालटीत एखादे वर्ष गवत असेल, तर ती जमीन नांगरटीचीच धरायची. हे ठरवायला मागच्या हंगामात तिथे काय होते ते ठाऊक हवे. आणि तेच गावातल्या मुलांना ठाऊक असे.

सुमारे अडीच लाख मुलांनी या कामात भाग घेतला, असे सांगितले जाते. त्यांच्या आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या नोंदींवरून रंगीत नकाशे छापले गेले. १९३९ मध्ये महायुद्ध सुरू झाले. बाहेरून येणारे धान्य धोक्यात आले आणि कुरणे पुन्हा नांगरावी लागली. त्या नियोजनात हे नकाशे उपयोगी पडले.

परिसराच्या अभ्यासात आपण मुलांना बहुधा अशीच माहिती विचारतो, जी पुस्तकात आधीच छापलेली असते. स्टँप यांनी त्यांना असा प्रश्न विचारला, ज्याचे उत्तर लंडनमध्ये कुणाकडेच नव्हते. आपल्या गावाविषयी असा एखादा प्रश्न आपल्याला मुलांपुढे ठेवता येईल का?