मराठी चित्रपटातील लैंगिकतेचे चित्रण

स्त्री-पुरुषांमधील शारीर आकर्षण व तज्जन्य संबंध हा विषय मराठी चित्रपटाने आरंभापासून हाताळला. तथापि पडद्यावर देह किती उघडा दिसला यापेक्षा इच्छा कोणाची व संमती कोणाची, हा प्रश्न त्याच्या इतिहासात अधिक निर्णायक ठरतो. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये (१९१३) तारामती झाले ते अण्णा साळुंके हे पुरुष नट. त्याच वर्षीच्या ‘मोहिनी भस्मासुर’ने दुर्गाबाई कामत व त्यांच्या कन्या कमलाबाई यांना पडद्यावर आणले. १९१८ च्या कायद्यान्वये १९२० मध्ये मुंबईत सेन्सॉर मंडळ स्थापन झाले.

बोलपटाच्या पहिल्या दशकातच दोन भिन्न वाटा दिसतात. आचार्य अत्रेलिखित ‘ब्रह्मचारी’मध्ये (१९३८) मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात आल्या आणि त्यावर बराच गवगवा झाला. त्याच्या आदल्या वर्षीचा ‘कुंकू’ (दिग्दर्शक व्ही. शांताराम) वस्तुतः त्याहून धाडसी होता. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरील ह्या चित्रपटात फसवणुकीने वृद्ध वकिलाच्या गळ्यात बांधली गेलेली नीरा पत्नीचे शरीरधर्म पाळण्यास नकार देते. तिच्यावर वाईट नजर ठेवणाऱ्या सावत्र मुलाला ती छडीने बडवते. विवाहानंतरही स्त्रीला नकाराचा अधिकार आहे, हे त्यात एकही शृंगारदृश्य न दाखविता सांगितले गेले. शांता आपटे यांचा अभिनय व केशवराव दाते यांनी रंगविलेला, अखेरीस आपली चूक उमगणारा पती यांमुळे तो प्रचारपट झाला नाही. ‘माणूस’मध्ये (१९३९) वेश्येच्या वाट्याला असेच माणूसपण आले.

पुढे ‘सांगत्ये ऐका’पासून (१९५९) तमाशापटांची लाट आली. शृंगाराला लावणीच्या चौकटीत मुभा मिळाली, पण ती प्रेक्षकाच्या नजरेसाठी. नायिकेच्या स्वतःच्या इच्छेला तेथे फारसे स्थान नव्हते. ‘सोंगाड्या’पासून (१९७१) दादा कोंडके यांनी द्व्यर्थी विनोद लोकप्रिय केला. दरम्यान खोसला समितीने १९६९ मध्ये चुंबन व नग्नता कथानकास आवश्यक असल्यास मान्य करावी, असे सुचविले. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या लघुपटात मुंबईच्या वेश्यावस्तीची दृश्ये होती. त्याविषयीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७० मध्ये पूर्वपरिनिरीक्षण वैध ठरविले, मात्र लैंगिकता व अश्लीलता नेहमीच एक नव्हेत, असेही नमूद केले.

‘जैत रे जैत’मधील (१९७७) ठाकर समाजातील चिंधी नकोशा नवऱ्याला सोडून आपल्या पसंतीच्या नाग्याकडे येते. जव्हार-मोखाड्यातील दाभोशासारख्या डोंगराळ गावांच्या परिसरातील ठाकर-वारली समाजांत काडीमोड व पुनर्विवाह पूर्वापार रूढ आहेत. नागर प्रेक्षकाला मात्र ते नवल वाटावे. नीरा नकार देते. चिंधी निवड करते. ‘उंबरठा’मध्ये (१९८२) महिलाश्रमातील दोन स्त्रियांचे समलिंगी नाते आले, पण संस्थेपुढील समस्या म्हणूनच.

अलीकडच्या काळात ‘जोगवा’ने (२००९) देवाला वाहिलेल्या जोगता-जोगतिणींच्या दडपलेल्या कामभावनेला वाचा फोडली, तर ‘बालक-पालक’ने (२०१३) पौगंडावस्थेतील कुतूहलाला. चित्रकलेच्या वर्गात विवस्त्र बसणाऱ्या स्त्रीवरील ‘न्यूड’ हा चित्रपट नोव्हेंबर २०१७ मध्ये गोव्यातील आंतरराष्ट्रीय महोत्सवातून केंद्रीय मंत्रालयाने वगळला; पुढे मंडळाने तो प्रौढांसाठी संमत केला व २०१८ मध्ये तो प्रदर्शित झाला. रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ या चित्रपटात खेड्यातील दोन पुरुषांचे प्रेम आहे. २०२५ मध्ये सनडान्स महोत्सवात त्याला जागतिक कथापट विभागाचे सर्वोच्च परीक्षक पारितोषिक लाभले.