गळक्या मडक्यांची स्मृती

शाळेचा लॅपटॉप मंदावला की 'रॅम वाढवा' असा सल्ला मिळतो. यात वाढते काय? तर अतिसूक्ष्म, गळकी मडकी!

१९६६ साली आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड यांना सुचले, की एक बिट साठवायला एक ट्रान्झिस्टर आणि एक धारित्र पुरे. धारित्रात विद्युतभार असला तर १, नसला तर ०. हा भार गळतो, म्हणून सेकंदात अनेकदा पुन्हा भरावा लागतो. १९७० साली बाजारात आलेल्या इंटेलच्या ११०३ चिपमध्ये दर बिटाला तीन ट्रान्झिस्टर होते. भार साठवण्याचे तत्त्व तेच. तीत १०२४ बिट मावत.

पुढे लॅपटॉपमध्ये अशा चिपांची पट्टी खाचेत बसवू लागले. झाकण उघडून जुनी काढायची, मोठी घालायची. २००८ च्या मॅकबुक एअरमध्ये मात्र चिपा मुख्य बोर्डावरच डाख देऊन जोडल्या होत्या. जोडणी आखूड झाली की जाडी घटते, वीजही वाचते. पण रॅम अपुरी पडली की चांगला लॅपटॉप निकामी ठरतो.

डिसेंबर २०२३ मध्ये जेडेक या संस्थेने स्क्रूने बसवायच्या पातळ 'कॅम२' पट्टीचे मानक प्रसिद्ध केले. म्हणजे पातळपणा आणि बदलण्याची सोय यांत वैर नाही. लॅपटॉप घेताना एवढे विचाराच : याची रॅम बदलता येते का?