डोळ्याच्या जखमेला टाक्यांऐवजी गोंद आणि लेसर

डोळ्याच्या शस्त्रक्रियेतील जखम बंद करण्यासाठी टाके हाच आजही प्रमुख उपाय आहे. मात्र पारपटल, अर्थात कॉर्निया, मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. त्यावर केसापेक्षा बारीक नायलॉनच्या धाग्याने टाके घालावे लागतात. टाका अधिक ओढला गेल्यास पारपटलाचा गोलावा बिघडून दृष्टी धूसर होते. सैल टाक्याभोवती जंतुसंसर्गाची भीती असते. नेत्ररोपणानंतर काही टाके वर्षभरही ठेवावे लागतात. त्यामुळेच पर्यायांचा शोध सुरू झाला.

सायनोॲक्रिलेट : ओलाव्याच्या संपर्कात झटकन घट्ट होणारे हे कृत्रिम द्रव्य १९६० च्या दशकापासून नेत्रोपचारात वापरले जाते. पारपटलाला पडलेले दोन-तीन मिलिमीटरपर्यंतचे छिद्र त्याने बुजवता येते. त्याचा कडक थर टोचत असल्याने वर कॉन्टॅक्ट लेन्स बसवतात. घरगुती झटपट गोंद याच कुळातील असला, तरी तो डोळ्यासाठी घातक आहे.

फायब्रिन गोंद : रक्तद्रवातील फायब्रिनोजेन आणि थ्रॉम्बिन एकत्र आल्यावर रक्त गोठताना होते तशी जाळी तयार होते. बुबुळावर चढणारी मांसल वाढ, म्हणजेच टेरिजियम, काढल्यावर त्या जागी लावलेले आवरण या गोंदाने बसवतात. टाक्यांच्या तुलनेत वेळ वाचतो व वेदनाही कमी होतात. भिंगाला आधार देणारे मागील आवरण शाबूत नसलेल्या डोळ्यांत कृत्रिम भिंग बसवताना या गोंदाचा वापर करण्याची पद्धत चेन्नईचे डॉ. अमर अग्रवाल यांनी २००७ मध्ये पुढे आणली. हा गोंद मानवी रक्तापासून बनत असल्याने विषाणूंची काटेकोर तपासणी आवश्यक असते.

मोतीबिंदूच्या छेदातून होणारी गळती रोखण्यासाठी पॉलिएथिलीन ग्लायकॉलच्या जेलला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१४ मध्ये मान्यता दिली.

लेसर : कापण्यासाठी ओळखला जाणारा लेसर सांधण्याचेही काम करतो. इटलीतील फ्लोरेन्स येथील संशोधकांनी जखमेच्या कडांना इंडोसायनिन ग्रीन हा रंग लावून ८१० नॅनोमीटरच्या डायोड लेसरचा वापर केला. रंग ऊर्जा शोषतो, कोलॅजेन सुमारे ६० अंश सेल्सियसपर्यंत तापते आणि कडा जुळतात. तापमान वाढल्यास मात्र ऊती भाजण्याचा धोका असतो. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये रोझ बेंगाल रंग व हिरवा प्रकाश यांच्या साह्याने, उष्णतेविना कडा जोडण्याची पद्धत विकसित झाली.

मोठ्या किंवा वेड्यावाकड्या जखमेत मात्र टाक्यांचीच ताकद विश्वासार्ह ठरते. गोंद आणि लेसर हे तूर्त टाक्यांचे साहाय्यक आहेत. कोणता उपाय योग्य, हे जखमेचा आकार आणि जागा पाहूनच नेत्रतज्ज्ञ ठरवतात.